घडीत हरवलेला चेहरा : नव्या भयकॉमिकांचा काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने मी नव्याने निघालेल्या भयकथा, विज्ञानकथा आणि गुन्हेगारी कथांच्या कॉमिक-मालिका नियमाने वाचते आहे. काही सुट्या अंकांत, काही संकलित खंडांत आणि अलीकडे काही पडद्यावर. त्यांच्याविषयी केव्हातरी लिहायचे होतेच, पण प्रत्यक्षात लिहायला भाग पाडले ते एका खंडाच्या बांधणीने आणि त्या बांधणीवरून झालेल्या पत्रव्यवहाराने. त्यामुळे या लेखात कथानकांपेक्षा गोंदाची चर्चा जास्त झाली, तर वाचकांनी ती गोड मानून घ्यावी. मालिकेचे नाव मी मुद्दाम घेत नाही. एक तर तिच्यातले रहस्य मला इथे फोडावे लागणार आहे आणि दुसरे म्हणजे माझी तक्रार तिच्या लेखक-चित्रकारांविरुद्ध मुळीच नाही.

ही मालिका धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची आहे. बुडालेल्या भिंतींची पाहणी करायला एक अभियंता स्त्री पाण्यात उतरते आणि लहानपणी त्याच गावात वारलेली तिची बहीण तिला हळूहळू जाणवू लागते, एवढी मूळ कल्पना. कल्पनेत नवीन फारसे नाही, पण मांडणी विलक्षण संयमी आहे. पहिल्या दोन अंकांत भुताचे नावसुद्धा निघत नाही. तिसऱ्या अंकात समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरलेला एकच चेहरा येतो. त्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग जिवंत बहिणीचा आहे आणि उजवा मेलेल्या बहिणीचा. दोन्ही अर्धे जिथे जुळतात तिथे नाकाच्या कडेने कपाळापर्यंत गेलेली एक बारीक, शिवणीसारखी रेषा आहे. पुढची सगळी गोष्ट त्या रेषेवर उभी आहे. ती दिसली नाही तर शेवटच्या अंकातला प्रसंग अचानक आणि बिनबुडाचा वाटतो.

तिसरा अंक वाचून झाल्यावर मी सुटे अंक घेणे थांबवले. त्यामागे निव्वळ काटकसर होती. सुटा अंक वीस-बावीस पानांच्या गोष्टीचा असतो आणि पंधरा मिनिटांत संपतो, मधल्या जाहिराती निराळ्याच. तीच गोष्ट खंडात पानामागे स्वस्त पडते, जाहिराती गळतात आणि कपाटात पुस्तकासारखी उभी राहते. म्हणून जवळचे अंक मावसभावाला देऊन टाकले आणि खंडाची वाट पाहिली. खंड आला, मुखपृष्ठ सुरेख, कागद जाड, छपाईचा वासही चांगला. आणि तिसऱ्या प्रकरणात तो चेहरा उघडला तेव्हा नाक नव्हते. दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे नव्हते. शिवणीची रेषा तर पुस्तकाच्या कण्यात कुठे गडप झाली होती त्याचा पत्ताच लागेना. दोन अनोळखी बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, असे ते चित्र दिसत होते.

हे असे का होते ते ज्यांनी छापखान्याचे काम पाहिले आहे त्यांना सांगायला नको, पण माझी सगळी चिडचिड याच मुद्द्यावर असल्यामुळे थोडे तपशिलात जाते. सुट्या अंकात कागद मधोमध दुमडून एकात एक बसवलेले असतात आणि घडीवर दोन पिना मारलेल्या असतात. असा अंक टेबलावर ठेवला की सपाट उघडतो. बत्तीस पानी अंकात सोळावे आणि सतरावे पान तर एकाच अखंड कागदावर असते, तिथे चित्राला सांधाच नसतो; इतर समोरासमोरची पाने वेगवेगळ्या कागदांवर असली, तरी दोन्हींच्या कडा थेट घडीपर्यंत दिसतात. खंडाचे तसे नाही. परफेक्ट बाइंडिंग या भारदस्त नावाच्या पद्धतीत फर्म्यांच्या, म्हणजे पानांच्या दुमडलेल्या गठ्ठ्यांच्या, घड्या कापून काढतात, सुट्या झालेल्या पानांच्या कडा खरवडतात आणि त्यांवर गरम गोंद लावून मुखपृष्ठ चिकटवतात. म्हणजे चित्राचा थोडा भाग कापण्यात जातो, थोडा गोंदात जातो आणि उरलेला भाग पान वळत नसल्यामुळे आत सरळ उभा राहतो. मी पट्टी लावून पाहिले : माझ्या खंडात प्रत्येक पानाचा पाव इंचाहून अधिक भाग दिसत नाही. सर्वसाधारण अमेरिकी कॉमिकचे पान साडेसहा इंचांहून किंचितच रुंद असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मिळून अर्ध्या इंचाहून जास्त गेले की चेहऱ्यातले नाक जातेच.

यावर उपाय नाही असेही नाही. अनुभवी चित्रकार दोन पानी चित्रात मध्यावर महत्त्वाचे काही ठेवत नाहीत. तिथे आकाश, भिंत किंवा अंधार ठेवतात. काही प्रकाशक खंड छापताना दोन्ही अर्धी चित्रे मध्यापासून थोडी बाहेर सरकवतात, म्हणजे उघडल्यावर ती जुळलेली दिसतात. आणि फर्मे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी असेल, तर पुस्तक बरेच सपाट उघडते. इथे चित्रकाराने ठरवूनच मध्यावर काम केले होते, कारण त्याच्यासमोर पिनांचा अंक होता. खंडाची जुळवणी करणाऱ्याने तीच फाईल उचलून पुढे पाठवली. मालिकेतले सगळ्यात महत्त्वाचे चित्र कोणते, एवढे तरी त्याने गोष्ट वाचून पाहायला हवे होते.

विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आले की दोष स्पष्ट दिसेल अशी, पुस्तक पूर्ण उघडून काढलेली छायाचित्रे पाठवावीत. दोष हाच होता की पुस्तक पूर्ण उघडत नाही, हे मी लिहून कळवले. पुन्हा तेच उत्तर आले, शब्दाचाही फरक न करता. शेवटी दोन्ही बाजूंना वजन ठेवून पुस्तक उघडले, छायाचित्र काढले आणि त्या प्रयत्नात कण्याचा गोंद तडकून चार पाने सुटी झाली. छायाचित्रे पाठवल्यावर जे उत्तर आले ते मी जपून ठेवले आहे : पुस्तकाची पाने वापरामुळे सुटी झालेली दिसत असल्याने ते परत घेता येणार नाही. सुट्या झालेल्या पानांत तो चेहरा होता, त्यामुळे आता ती दोन पाने बाहेर काढून शेजारी ठेवली की नाकाचा बराच भाग दिसतो, एवढा मात्र फायदा झाला.

प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राचे उत्तर अधिक सभ्य होते. बांधणी त्यांच्या नेहमीच्या प्रमाणात बसते, म्हणून खंड बदलून देता येणार नाही, परंतु वाचकाची गैरसोय झाल्याबद्दल त्याच खंडाची डिजिटल प्रत विनामूल्य देत आहोत, असे त्यात होते. मला डिजिटल कॉमिकांविषयी फारशी आस्था नव्हती. चौकट-चौकट मोठी करून दाखवणारी जी सोय बहुतेक ॲपमध्ये असते, तिने पानाची रचनाच नाहीशी होते, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. पान हे चित्रकाराने एकसंध आखलेले असते; कोणती चौकट उंच, कोणती अरुंद, कोणती समासाबाहेर सांडलेली, यावर वाचण्याचा वेग ठरतो. ॲप सगळ्या चौकटी पडद्याएवढ्या करून एकेक दाखवते, तेव्हा दाराची कडी आणि कोसळणारे धरण एकाच आकाराचे होतात.

पण ती सोय बंद करून, टॅब्लेट आडवा धरून तोच चेहरा उघडला तेव्हा तो पूर्ण होता. नाक होते, शिवण होती, दोन्ही डोळे होते. आकाराने लहान, कारण छापील अंकात ते चित्र तेरा इंचांहून रुंद असते आणि माझा पडदा तेवढा नाही, पण अखंड. त्या दिवसापासून दोन पानी चित्रांच्या बाबतीत पडद्याची बाजू मी मान्य केली आहे. खंड घ्यायचा असेल, तर त्यातली अशी चित्रे पडद्यावर पाहून घ्यावीत, असे आता माझ्या ओळखीच्या वाचकांनाही सांगते. एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे मोजायला लावणारा हा सल्ला आहे याची मला कल्पना आहे आणि तो देताना माझा जीव खालीवर होतो.

डिजिटल प्रतीने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि ती बांधणीहून कमी गंभीर नाही. दुसऱ्या प्रकरणात ती स्त्री रात्री विश्रामगृहाच्या खोलीत झोपलेली आहे, असे एक पान आहे. खंडात त्या पानाचा खालचा तिसरा भाग निव्वळ काळा आहे. पडद्यावर तिथे फरशीवर ओल्या पावलांचे ठसे आहेत, दारापासून पलंगापर्यंत, गडद निळ्यावर त्याहून किंचित फिकट निळ्यात रंगवलेले. पाचव्या प्रकरणात ती स्त्री म्हणते की ठसे तिने त्याच रात्री पाहिले होते. छापील खंडाच्या वाचकाला हे वाक्य वाचून वाटेल की लेखक थाप मारतो आहे. रंगकाम आज प्रकाश बाहेर टाकणाऱ्या पडद्यावर होते आणि छपाई चार शाईंच्या मिश्रणाने प्रकाश शोषणाऱ्या कागदावर. त्यातही चकाकी नसलेल्या कागदात शाई पसरते आणि गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. भयकॉमिकांत निम्मी पाने रात्रीची असतात, त्यामुळे हा तोटा याच प्रकाराला सर्वाधिक बसतो. मावसभावाकडून जुना दुसरा अंक परत मागवून पाहिला. त्याच्या चकचकीत कागदावर ठसे दिसतात. अंधुक दिसतात, पण शोधणाऱ्याला सापडतात. माझ्या अंदाजाने चित्रकाराला हवे होते ते नेमके तेवढेच, कारण पडद्यावर ते जरा जास्तच स्वच्छ दिसतात.

आता पान उलटण्याविषयी. भयकॉमिकात दचकवणारे चित्र डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर ठेवतात, कारण तिथे पोचण्यासाठी वाचकाला स्वतःच्या हाताने पान उलटावे लागते. उजव्या पानावर ठेवले, तर डावे वाचताना नजरेच्या कडेला ते आधीच दिसून जाते. सुट्या अंकात हा हिशेब लेखकापासून जाहिरातींची पाने लावणाऱ्यापर्यंत सगळे सांभाळतात. खंडात जाहिराती गेल्या की तो हिशेब नव्याने करावा लागतो. माझ्या खंडात चौथ्या प्रकरणापूर्वी त्या अंकाचे मूळ मुखपृष्ठ एका पानावर छापले आहे आणि त्याच्या पाठीमागे कोरे पान न सोडता लगेच गोष्ट सुरू केली आहे. त्या एका पानाने पुढचे सगळे प्रकरण एकेका घराने सरकले : विहिरीतून वर येणारा हात उजवीकडे गेला, आणि ती विहिरीत वाकून पाहते ते पान त्याच्या शेजारी, डावीकडे. दोन्ही एकाच वेळी दिसतात. सुटा चौथा अंक मी वाचलेला नसल्यामुळे मला आधी वाटले की लेखकालाच हा क्षण साधता आला नाही. पानांचे क्रमांक मोजल्यावर कारण कळले. डिजिटल प्रतीतही हा घोळ होऊ शकतो. दोन पाने शेजारी दाखवताना मुखपृष्ठ एकटे धरण्याची सोय ॲपमध्ये चालू नसेल, तर पहिल्या पानापासूनच सगळ्या जोड्या चुकतात आणि दोन पानी चित्रे मधोमध फाटून निरनिराळ्या पडद्यांवर जातात. ही सोय सेटिंगमध्ये कुठेतरी खोल दडलेली असते. ज्यांना आपली डिजिटल कॉमिक विस्कळीत वाटतात त्यांनी आधी ती तपासावी.

बांधणी बाजूला ठेवून नव्या मालिकांकडे पाहिले, तर सध्या भयकथेचे दिवस चांगले आहेत असेच म्हणावे लागेल. या प्रकाराचा इतिहास पाहता हे सहज घडलेले नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर जी कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता लादून घेतली, तिच्यात शीर्षकात हॉरर हा शब्दसुद्धा वापरायला बंदी होती आणि रक्तपिपासू, प्रेतभक्षक, नरलांडगे यांना थेट हद्दपार केले होते. १९७१ मध्ये ती सैल झाली, आणि डीसी व आर्ची या शेवटच्या दोन मोठ्या प्रकाशकांनी तिला सोडले ते २०११ मध्ये. आज काहीही दाखवता येते. तरीही माझ्या वाचनात आलेल्या मालिकांपैकी चांगल्या निघाल्या त्या दाखवण्याची घाई न करणाऱ्या. रक्ताने पाने भरणाऱ्या दोन मालिका मी दुसऱ्या अंकातच सोडल्या, कारण सगळेच लाल असले की कोणता वार महत्त्वाचा ते कळत नाही.

विज्ञानकथांची गोष्ट वेगळी. चित्रे देखणी, यंत्रे आणि ग्रह यांची आखणी थक्क करणारी, पण संवादांच्या फुग्यांत आणि निवेदनाच्या पट्ट्यांत इतकी माहिती कोंबलेली असते, की पहिल्या अंकात आपण गोष्ट वाचत नसून त्या जगाचे माहितीपत्रक वाचतो आहोत असे वाटते. गुन्हेगारी कथा सर्वांत भरवशाच्या ठरल्या; त्यांच्यात पान वाया जात नाही. अद्भुतरम्य मालिकांविषयी मी फारसे लिहू शकत नाही. नकाशा आणि वंशावळ पाहिली की माझा उत्साह ओसरतो.

भय आणि विज्ञान या दोन्ही प्रकारांत एक दुखणे समान आढळले : चौथा अंक. बहुतेक मालिका पाच किंवा सहा अंकांचा एक खंड होईल अशा बेताने लिहिल्या जातात. तीन अंकांत जमवलेले सगळे शेवटच्या अंकात फुटायचे असते, मग मधल्या अंकात पात्रे गाडीत बसून आधी घडलेल्या गोष्टींची उजळणी करतात. खंडात सलग वाचताना हे खपून जाते. महिनाभर वाट पाहून घेतलेल्या सुट्या अंकात नाही. शिवाय सगळा जोर पहिल्या अंकावर असतो, त्याचे कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी कॉमिक विशेष दुकानांतून विकली जाऊ लागली ती न विकलेले अंक परत न घेण्याच्या अटीवर. दुकानदार आगाऊ, अंदाजाने मागणी नोंदवतो आणि नव्या मालिकेच्या पहिल्या अंकावर धोका पत्करतो. प्रकाशक त्याच अंकाला पाच-सहा निरनिराळी मुखपृष्ठे काढून ती मागणी फुगवतो. चौथ्या अंकाच्या वाट्याला ना मुखपृष्ठे येतात ना कौतुक. मला निरनिराळ्या मुखपृष्ठांत रस नाही. त्या खर्चात खंड दोऱ्याने शिवून मिळाला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

चौथ्या अंकाचे दुखणे ज्यांत नाही अशी कॉमिक म्हणजे लघुकथांचे अंक. ऑनी प्रेस या अमेरिकी प्रकाशकाने २०२४ मध्ये ईसी या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या नावाखाली भय आणि विज्ञानकथांचे अंक पुन्हा काढायला सुरुवात केली. १९५०च्या दशकात ज्यांच्या भयकथांवरून इतके वादळ उठले, तेच हे ईसी. एका अंकात अनेक स्वतंत्र छोट्या गोष्टी, आणि शेवटी कलाटणी, हा त्यांचा जुनाच साचा इथेही आहे. सगळ्या गोष्टी साधलेल्या नाहीत. काहींची कलाटणी तिसऱ्याच चौकटीत ओळखू येते. पण एखादी फसली तरी काही पानांत संपते आणि पुढची सुरू होते, महिनाभर तिच्यावर रागावून बसावे लागत नाही. पैशाचा मोबदला या एकाच कसोटीवर पाहिले, तर इतक्या महिन्यांत सर्वांत कमी तक्रार मला या प्रकाराविषयी आहे. शिवाय छोट्या गोष्टीत दोन पानी चित्राची चैन क्वचितच परवडते, त्यामुळे पुढे यांचे खंड घेतले तरी घडीत जाण्यासारखे फारसे काही नसेल.

सध्या मी अशी वाटणी केली आहे. भयकथेची नवी मालिका आवडली तर ती शेवटपर्यंत सुट्या अंकांतच घेते, चौथा अंक रटाळ असला तरी. गुन्हेगारी कथा खंडात घेते, कारण त्यांत दोन पानी चित्रे जवळजवळ नसतात. विज्ञानकथा आधी पडद्यावर वाचते आणि फारच आवडली तर मोठ्या आकाराच्या शिवलेल्या आवृत्तीची वाट पाहते. शिवलेली आवृत्ती ओळखायला अवघड नाही : पुस्तक वरून पाहिले की कण्याजवळ पानांचे दुमडलेले छोटे गठ्ठे वेगवेगळे दिसतात आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या मध्यावर उघडल्यास दोरा दिसतो. विक्रीसाठी दिलेल्या माहितीत पानांची संख्या, आकार आणि वजनसुद्धा असते, बांधणीचा प्रकार मात्र बहुतेक वेळा नसतो. मी आता मागणी नोंदवण्यापूर्वी तो लिहून विचारते. आजवर आलेल्या उत्तरांपैकी एकात पुस्तक कठीण पुठ्ठ्याचे असल्याचे कळवले होते. पुठ्ठा कठीण असला तरी आत गोंद असू शकतो, असे मी उलट कळवले आहे आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.